एफआर लिहूनही ग्रिडचे रकाने समान का होत नाहीत: लक्षणे, तपासण्या आणि उपाय

सीएसएस ग्रिडमध्ये, म्हणजे वेबपानावरचे घटक ओळी-रकान्यांत मांडण्याच्या पद्धतीत, तीन समान रुंदीचे रकाने मांडण्यासाठी ‘एफआर’ (उपलब्ध जागेचा एक वाटा) या एककाची एक ओळ पुरते, असे शिकवणारा प्रत्येक जण सांगतो, आणि पान नवे असते तोवर ते खरेही ठरते. तक्रार येते ती काही आठवड्यांनी, पानावर खरा मजकूर चढल्यावर. तयार संकेतस्थळांची डागडुजी करण्याच्या कामात हा दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की फोनवर “तिसरा रकाना जाडा झालाय” एवढे शब्द ऐकले तरी पुढचे बहुधा कळते. तरीही प्रत्येक वेळी मी एका ठरावीक क्रमाने तपासत जातो, कारण एकसारख्या दिसणाऱ्या या दोषामागे निदान सहा-सात वेगवेगळी कारणे असतात आणि घाईने लावलेला उपाय चुकीच्या कारणावर बसला की पुढची दुरुस्ती दुप्पट अवघड होते.

लेखात सर्व आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत; प्रत्यक्ष कोडमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांसह टंकाव्यात.

लक्षणे

सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे तीनपैकी एक रकाना रुंद होतो आणि उरलेले दोन एकमेकांइतकेच, पण अरुंद राहतात. दुसऱ्या प्रकारात सगळे रकाने समान दिसतात, पण पान उजवीकडे थोडेसे सरकते आणि खाली आडवी स्क्रोलपट्टी उमटते. तिसऱ्यात मोठ्या पडद्यावर सारे ठीक असते, मोबाईलवर मात्र एका रकान्याच्या जागी दोन येतात आणि त्यांतला एक चिंचोळा असतो. चौथे लक्षण फसवे आहे: कार्डे, म्हणजे रकान्यांत बसवलेले चौकोन, लहानमोठी दिसतात, पण रकाने प्रत्यक्षात समानच असतात. पाचव्यात एका ओळीतली कार्डे समान असतात, पण खालच्या विभागातल्या रकान्यांशी त्यांच्या कडा जुळत नाहीत.

एक गोष्ट दोष म्हणून सांगितली जाते, पण ती दोष नव्हे. १००० पिक्सेलचे तीन भाग केले की प्रत्येकाला ३३३.३३ पिक्सेल येतात, आणि पडद्यावर रेखाटताना ब्राउझर त्यांचे पूर्णांक करतो, तेव्हा एखादा रकाना एका पिक्सेलने मोठा दिसू शकतो. पट्टी लावून मोजणाऱ्या ग्राहकाला हे समजावून सांगावे आणि कोडला हात लावू नये.

पहिली तपासणी: असमान काय आहे, रकाना की कार्ड?

या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि कोड बदलावा लागत नाही. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडावीत. ज्या घटकावर ग्रिड लावले आहे त्याच्या शेजारी मार्कअपमध्ये (पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये) ‘ग्रिड’ असा छोटा बिल्ला दिसतो. त्यावर टिचकी मारली की पानावर ग्रिडच्या रेषा उमटतात. क्रोमच्या लेआउट पटलात रकान्यांची रुंदी आकड्यांत दाखवण्याचा पर्यायही आहे. तो सुरू करावा आणि आकडे कागदावर लिहून घ्यावेत. मी खरोखर लिहून घेतो, कारण पुढच्या प्रत्येक बदलानंतर तेच आकडे पडताळायचे असतात.

रेषा समान अंतरावर असतील आणि कार्डेच लहानमोठी असतील, तर ग्रिडचा काही दोष नाही. कंटेनरवर, म्हणजे ग्रिड लावलेल्या बाहेरच्या घटकावर, जस्टिफाय-आयटम्सला स्टार्ट किंवा सेंटर दिलेले असते, किंवा कार्डाच्या डाव्या-उजव्या मार्जिनला (बाहेरच्या मोकळ्या जागेला) ऑटो दिलेले असते. दोन्ही वेळा कार्ड रकानाभर न पसरता आपल्या मजकुरापुरते आक्रसते. ते नियम काढले की काम संपले. उलट, कार्डाला रुंदी शंभर टक्के आणि वर पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिले असेल व बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स (रुंदीतच पॅडिंग धरणारे) नसेल, तर कार्ड रकान्याबाहेर डोकावते. ग्रिडमधला घटक मुळातच रकानाभर ताणला जातो, त्यामुळे ती शंभर टक्के रुंदी बहुतेक वेळा अनावश्यकच असते.

ही तपासणी प्रथम करण्याचे कारण साधे आहे. चौथ्या लक्षणावर पहिल्या लक्षणाचा उपाय लावला तर काहीच बदलत नाही, आणि मग माणूस स्टाइलशीटमध्ये इकडेतिकडे हात घालू लागतो.

दुसरी तपासणी: आज्ञा ब्राउझरला मान्य आहे का?

त्याच डेव्हलपर टूल्समध्ये ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्सची ओळ खोडलेली दिसते का, हे पाहावे. खोडलेल्या ओळीशेजारी इशाऱ्याचे चिन्ह असेल तर ती ओळ ब्राउझरने अमान्य ठरवली आहे. चिन्ह नसेल तर दुसऱ्या एखाद्या नियमाने, बहुधा मीडिया क्वेरीतल्या (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणाऱ्या), तिला मागे टाकले आहे. या दोन्हींत फरक करणे महत्त्वाचे, कारण पहिल्यात चूक त्या ओळीतच असते आणि दुसऱ्यात ती ओळ निर्दोष असते.

अमान्य ठरणाऱ्या ओळींत माझ्याकडे नेहमी येणाऱ्या तीन आहेत. रिपीटच्या (तेच माप अनेक रकान्यांना देणाऱ्या आज्ञेच्या) कंसात संख्येनंतरचा स्वल्पविराम राहून जातो. मिनमॅक्समध्ये, म्हणजे रकान्याची किमान आणि कमाल रुंदी ठरवणाऱ्या आज्ञेत, किमान मर्यादेच्या जागी एफआर लिहिले जाते. ते चालत नाही, एफआर फक्त कमाल मर्यादेच्या जागी येऊ शकते. आणि रिपीट(ऑटो-फिल, १एफआर) अशी ओळ लिहिली जाते, जिच्यात किती रकाने मावतील हे मोजण्यासाठी ब्राउझरला ठाम किमान रुंदीच मिळत नाही. अशा एका चुकीने पूर्ण ओळ रद्द होते, रकाने ठरतच नाहीत आणि सगळी कार्डे एकाखाली एक येतात.

तिसरी तपासणी: ग्रिडची थेट मुले कोण?

ग्रिड फक्त आपल्या थेट मुलांची मांडणी करते, नातवंडांची नाही. संपादकाच्या सोयीसाठी बनवलेल्या प्रणाली मार्कअपमध्ये मधेच एखादे आवरण घालतात किंवा रिकामा परिच्छेद सोडून जातात. तीन कार्डांभोवती एक आवरण आले की ग्रिडच्या दृष्टीने मूल एकच. ते पहिल्या रकान्यात बसते आणि उरलेले दोन रिकामे राहतात. रिकामा परिच्छेद आला की त्यालाही एक खण मिळतो आणि पुढची कार्डे एकेक घर सरकतात. आवरण काढता येत नसेल तर ग्रिडची आज्ञा कंटेनरवरून उचलून त्या आवरणावर द्यावी. डिस्प्ले कंटेंट्स हाही मार्ग आहे, पण जुन्या ब्राउझरांत त्यामुळे यादी किंवा सारणी स्क्रीन रीडरला तशी कळेनाशी होत असे. म्हणून मी तो शेवटी वापरतो.

चौथी तपासणी: रकान्यांचे माप कोणत्या एककात आहे?

ऑटो ऑटो ऑटो असे लिहिणाऱ्याला वाटते की तिघांना सारखे मिळेल. ऑटो रकाना मजकुरानुसार ठरतो. उरलेली जागाच तेवढी समान वाटली जाते, त्यामुळे कमी-जास्त मजकुराचे रकाने कमी-जास्तच राहतात. ग्रिड-ऑटो-फ्लोला कॉलम दिले आणि ग्रिड-ऑटो-कॉलम्स लिहायचे राहिले, तरी नकळत हेच घडते, कारण आपोआप तयार होणाऱ्या रकान्यांचे मूळ माप ऑटोच असते.

टक्क्यांचा दोष वेगळा. समजा कंटेनर ९६० पिक्सेलचा आहे आणि दोन रकान्यांतले अंतर, म्हणजे गॅप, ३० पिक्सेल आहे. ३३.३३ टक्क्यांचे तीन रकाने मिळून जवळजवळ सगळे ९६० पिक्सेल घेतात आणि दोन गॅपचे ६० पिक्सेल कंटेनरबाहेर जातात. दुसऱ्या लक्षणातली आडवी स्क्रोलपट्टी बहुधा इथूनच येते. टक्केवारी गॅपचा विचार करत नाही. एफआरची वाटणी मात्र गॅप वजा झाल्यावर होते. टक्के काढून एफआर लिहिले की हा प्रश्न मिटतो.

एफआरमध्ये अपूर्णांक लिहिणाऱ्यांनी बेरीज पाहावी. प्रत्येकी ०.३ एफआरचे तीन रकाने समान असतात, पण बेरीज एकापेक्षा कमी असल्याने ते उपलब्ध जागेचा नव्वद टक्के भागच भरतात.

पाचवी तपासणी: मजकुराचा पहिला हक्क

इथवर सगळे नीट असेल आणि ओळ पुढीलप्रमाणे असेल, तर खऱ्या कारणाजवळ आपण आलो आहोत.

ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(३, १एफआर);

ही ओळ समान रुंदीचे वचन देत नाही. १एफआर हे मिनमॅक्स(ऑटो, १एफआर) याचे संक्षिप्त रूप आहे, आणि त्यातला ऑटो म्हणतो की रकाना आपल्यातल्या न तुटणाऱ्या सर्वांत रुंद तुकड्यापेक्षा अरुंद होणार नाही. शिल्लक जागेची समान वाटणी होते ती या अटीच्या अधीन राहून. घरातल्या वाटणीत एखाद्याचा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवावा आणि मग उरलेल्याचे समान भाग करावेत, तसा हा हिशेब आहे.

आकडे घालून पाहू. ९६० पिक्सेलच्या कंटेनरमधून ६० पिक्सेल गॅपचे गेले, उरले ९००. म्हणजे प्रत्येकी ३०० यायला हवेत. तिसऱ्या कार्डात ३७२ पिक्सेलचा एक न तुटणारा तुकडा आहे आणि कार्डाला दोन्ही बाजूंनी २४ पिक्सेलचे पॅडिंग आहे. त्या रकान्याची किमान गरज झाली ४२०. ब्राउझर आधी ३०० चा वाटा काढून पाहतो, तो ४२० च्या खाली असल्याचे त्याला दिसते, मग तो त्या रकान्याला ४२० देऊन वाटणीतून बाहेर काढतो आणि उरलेल्या ४८० पिक्सेलचे दोन भाग करतो. रकाने होतात २४०, २४० आणि ४२०. पहिल्या लक्षणातले दोन अरुंद रकाने एकमेकांइतकेच का असतात, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. लिहून ठेवलेले आकडे असेच पडत असतील तर निदान पक्के समजावे.

दोष पुन्हापुन्हा का उद्भवतो, हेही यातून कळते. पान तयार करताना त्यात छोट्या शब्दांचा नमुना मजकूर असतो. अट तेव्हाही लागू असते, पण तिला धक्का लागत नाही. महिन्याभराने संपादक एखादा लांबलचक दुवा जसाच्या तसा चिकटवतो आणि तोवर निमूट असलेली ओळ अचानक चुकीची वाटू लागते. कोड कोणी बदलला, असा शोध सुरू होतो. कोड कोणीच बदललेला नसतो.

दोषी तुकडा सापडवण्यासाठी डेव्हलपर टूल्समध्ये रुंद रकान्यातले घटक एकेक करून तात्पुरते खोडावेत. जो खोडल्यावर आकडे ३००, ३००, ३०० होतात, तो दोषी. पान पुन्हा लोड केले की सारे पूर्ववत होते, त्यामुळे या चाचणीत काही बिघडत नाही.

उपाय एका ओळीचा आहे:

ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(३, मिनमॅक्स(०, १एफआर));

किमान मर्यादा ऑटोऐवजी शून्य झाली, म्हणजे मजकुराचा पहिला हक्क संपला आणि वाटणी खऱ्या अर्थाने समान झाली. याऐवजी कार्डांना मिन-विड्थ शून्य देऊनही हेच साधते, पण उद्या कोणी त्या कंटेनरमध्ये वेगळ्या वर्गाचा घटक आणून ठेवला की त्याला तो नियम लागू होत नाही. म्हणून उपाय कंटेनरवर करावा, असे माझे मत आहे. एकाच रकान्याच्या ग्रिडलाही तो लागतो: नुसते १एफआर असलेले मुख्य पान एका लांब कोडच्या ओळीने पडद्याबाहेर ढकलले जाते.

सहावी तपासणी: रकाना आवरला, आता मजकूर कुठे गेला?

अनेक जण पाचव्या पायरीवर थांबतात आणि दोन दिवसांनी परत येतात. रकाना ३०० पिक्सेलचा झाला, पण ३७२ पिक्सेलचा तुकडा आकसलेला नाही. तो शेजारच्या कार्डावर सांडतो. ओव्हरफ्लो हिडन देऊन तो झाकणे म्हणजे मजकूर कापणे होय, आणि वाचकाला निम्मे शीर्षक दाखवण्यापेक्षा जाडा रकाना परवडला.

लांब दुवा किंवा ईमेल पत्ता असेल तर ओव्हरफ्लो-रॅपला एनीव्हेअर द्यावे. ब्रेक-वर्ड आणि एनीव्हेअर या दोन किमती दिसायला सारख्या आहेत, पण ब्रेक-वर्ड रकान्याची किमान गरज मोजताना विचारात घेतली जात नाही आणि एनीव्हेअर घेतली जाते. त्यामुळे नुसत्या १एफआरच्या रकान्यात ब्रेक-वर्ड लावूनही रकाना जाडाच राहतो, तर एनीव्हेअर लावले की आवरतो. मराठी शीर्षकांना मात्र मी एनीव्हेअर सहसा लावत नाही. ‘महानगरपालिकाक्षेत्रातील’ यासारखा शब्द मग जागा संपेल तिथे तुटतो आणि ‘ल’ एकटाच खालच्या ओळीवर लोंबकळतो. अशा शब्दात ‘महानगर’ आणि ‘पालिका’ यांच्यानंतर मृदू संयोगचिन्ह, म्हणजे कोडमधले ‘शाय’, घालून ठेवले की शब्द गरज पडल्यावर तिथेच आणि जोडरेघेसह तुटतो.

या संदर्भात एक प्रकरण सांगण्याजोगे आहे. एका दिवाळी अंकाच्या संकेतस्थळावर कथा, कविता आणि लेख असे तीन रकाने होते आणि लेखांचा रकाना दर वर्षी फुगायचा. त्यात ना दुवा होता, ना चित्र, ना मोठा शब्द. होती फक्त लेखाची दोन ओळींची ओळख, तीही लहान लहान शब्दांची. मार्कअप उघडून पाहिल्यावर दिसले की शब्दांमधल्या प्रत्येक मोकळ्या जागेऐवजी तिथे न तुटणारी जागा, म्हणजे ‘एनबीएसपी’, बसली होती. मजकूर वर्ड प्रोसेसरमधून संपादन खिडकीत चिकटवताना तसे झाले होते. डोळ्यांना दहा शब्द दिसत होते. ब्राउझरला ते दहाही मिळून एकच शब्द वाटत होता. शोध-बदलाने त्या जागा साध्या केल्या आणि रकाना एका क्षणात जागेवर आला. तेव्हापासून लहान शब्दांचा मजकूर रकाना फुगवताना दिसला की मी आधी हेच पाहतो.

चित्रांना मॅक्स-विड्थ शंभर टक्के आणि उंचीला ऑटो देणे बहुतेक वेळा पुरते. यूट्यूबच्या चित्रफितीसाठी मिळणाऱ्या चौकटीच्या कोडमध्ये रुंदी ५६० आणि उंची ३१५ अशी ठाम लिहिलेली असते; तिलाही रुंदी शंभर टक्के द्यावी आणि ॲस्पेक्ट-रेशो १६ भागिले ९ ठेवून उंची ऑटो करावी. अर्जातल्या मजकूर-चौकटीचे मूळ माप वीस अक्षरांचे असते आणि निवड-यादी तर आपल्या सर्वांत लांब पर्यायाइतकी रुंद होते. जिल्हा-तालुक्यांच्या यादीत हे फार दिसते. दोन्हींना रुंदी शंभर टक्के आणि बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स द्यावे.

सारणी आणि कोडच्या ओळी यांचा प्रश्न अधिक हट्टी आहे. त्या तोडण्यात अर्थ नसतो, म्हणून त्यांच्याभोवती आवरण घालून त्याला आडवे स्क्रोल देतात. पण हे आवरण कार्डाच्या आत असेल आणि रकाना नुसता १एफआरचा असेल, तर स्क्रोल उमटतच नाही आणि रकाना पूर्वीइतकाच फुगलेला राहतो. किमान गरज मोजताना ब्राउझर स्क्रोलच्या आवरणातल्या मजकुराचीही रुंदी धरतो, आणि एकदा तेवढी जागा देऊन टाकल्यावर स्क्रोलची गरजच उरत नाही. म्हणजे इथे स्क्रोलचे आवरण आणि मिनमॅक्स(०, १एफआर) ही जोडी लागते; दोन्हींपैकी एकट्याने भागत नाही.

एका ओळीचे शीर्षक तीन ठिपक्यांनी आखूड करण्याचे तंत्रही याच कारणाने फसते. व्हाइट-स्पेस नोरॅप दिल्यावर पूर्ण शीर्षक हाच एक न तुटणारा तुकडा होतो. कंटेनर दुरुस्त करूनही ठिपके येत नसतील तर कार्डाच्या आत फ्लेक्स (घटक एका रांगेत मांडण्याची सीएसएसची दुसरी पद्धत) आहे का, हे पाहावे. शीर्षक फ्लेक्समधल्या एखाद्या उपघटकाच्या पोटात असेल तर त्या उपघटकालाही मिन-विड्थ शून्य द्यावी लागते. फ्लेक्सचे घटकही मुळात हीच किमान रुंदीची अट पाळतात, त्यामुळे साखळीतली एक कडी राहिली तरी उपाय लागू पडत नाही.

सातवी तपासणी: आपोआप उपजलेला रकाना

तिसरे लक्षण, म्हणजे मोबाईलवर आलेला चिंचोळा रकाना, याचा वरच्या कशाशीही संबंध नसतो. एखाद्या ठळक कार्डाला ग्रिड-कॉलम: स्पॅन २ दिलेले असते. पडदा अरुंद झाल्यावर रकाना एकच उरतो, पण त्या कार्डाला दोन हवे असतात. तेव्हा ब्राउझर तक्रार न करता दुसरा रकाना स्वतः तयार करतो. त्याला आपण माप दिलेले नसते, म्हणून तो ऑटो मापाचा होतो, आणि सोबत एक गॅपही येते. ग्रिडच्या रेषा दाखवणारा पर्याय सुरू केला की हा जादा रकाना लगेच दिसतो. उपाय म्हणजे स्पॅन २ ही आज्ञा मोठ्या पडद्याच्या मीडिया क्वेरीत हलवणे, किंवा कार्ड नेहमीच पूर्ण रुंदीचे हवे असेल तर ग्रिड-कॉलम: १ / -१ लिहिणे.

अनेक एफआर रकान्यांवर पसरलेला घटक मात्र त्या रकान्यांना फुगवत नाही. त्याच्यापुरती ती किमान रुंदीची अट लागूच होत नाही. पूर्ण रुंदीच्या शीर्षपट्टीतला मजकूर कधी रकाने न हलवता बाहेर सांडताना दिसतो, तो यामुळे.

आठवी तपासणी: ऑटो-फिट, ऑटो-फिल आणि त्यांची किमान रुंदी

मीडिया क्वेरी टाळण्यासाठी रिपीट(ऑटो-फिट, मिनमॅक्स(२८० पिक्सेल, १एफआर)) ही ओळ सर्रास वापरतात. तिच्यात किमान मर्यादा ठाम असल्यामुळे मजकूर रकाना फुगवू शकत नाही, हा तिचा गुण. दोष असा की ती २८० च्या खाली कधीच जात नाही. ३२० पिक्सेलच्या पडद्यावर दोन्ही बाजूंचे २४-२४ पिक्सेलचे पॅडिंग वजा केले तर उरतात २७२, आणि रकाना ८ पिक्सेलने कंटेनरबाहेर डोकावतो. २८० च्या जागी मिन(१००%, २८० पिक्सेल) लिहिले की हा प्रश्न सुटतो.

शोधात एकच निकाल आला आणि कार्ड पूर्ण पानभर पसरले, तर ती ऑटो-फिटची रीतच आहे: तो रिकामे रकाने मिटवून जागा भरलेल्यांना देतो. कार्ड आपल्याच मापाचे राहावे असे वाटत असेल तर ऑटो-फिल लिहावे.

नववी तपासणी: दोन वेगळ्या ग्रिडांची जुळणी

पाचवे लक्षण इथवर टिकले असेल तर दोन कंटेनर वेगवेगळे आहेत आणि एकाला दुसऱ्याचे माप माहीत नाही. दोघांचे गॅप, पॅडिंग आणि कमाल रुंदी सारखी करून पाहणे स्वस्त आहे, आणि बहुतेकदा त्यांतलेच काहीतरी वेगळे निघते. एका ग्रिडच्या पोटातले दुसरे ग्रिड वरच्याच रेषांवर बसवायचे असेल तर सबग्रिड हा खरा मार्ग आहे. ग्रिड स्वतः २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत जवळजवळ एकदमच आले, पण सबग्रिड फायरफॉक्समध्ये २०१९ ला, सफारीत २०२२ ला आणि क्रोममध्ये २०२३ ला पोचले. आपले वाचक जुने मोबाईल वापरत असतील तर त्याशिवायही पान वाचता येईल, असा पर्याय आधी लिहून मगच सबग्रिड जोडावे.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

वरच्या तपासण्या स्वतःच्या स्टाइलशीटवर आणि राखीव प्रत घेऊनच कराव्यात. चालू दुकानाचे पैसे भरण्याचे पान असेल आणि चाचणीसाठी वेगळी प्रत नसेल, तर पहिल्या दोन तपासण्यांपलीकडे जाऊ नये. त्या फक्त पाहण्याच्या आहेत. पुढचे काम संकेतस्थळ सांभाळणाऱ्या विकासकाकडे द्यावे.

डेव्हलपर टूल्समध्ये घटकावर थेट इनलाइन रुंदी लिहिलेली दिसली आणि पडद्याचा आकार बदलताना तो आकडा आपोआप बदलत असला, तर ती जावास्क्रिप्टची करामत आहे. सीएसएसमध्ये काहीही लिहिले तरी ती पुन्हा आपला आकडा घालणार. ती स्क्रिप्ट कोणी आणि कशासाठी लावली हे माहीत असलेल्या माणसाचे ते काम आहे. विकत घेतलेल्या थीमची स्टाइलशीट प्रत्येक अद्ययावतीत नव्याने तयार होत असेल, तर थेट तिच्यात केलेली दुरुस्ती पुढच्या अद्ययावतीत पुसली जाईल. ती थीमच्या निर्मात्याकडे नोंदवावी किंवा जाणकाराकडून उपथीम करून घ्यावी. बाहेरून आलेल्या चौकटीच्या आतला मजकूर रुंद असेल, तर आपल्या पानावरून तिथे हात पोचतच नाही, देणाऱ्यालाच कळवावे. ईमेल-पत्रिकेत ग्रिड वापरलेले असेल तर दुरुस्तीत वेळ न घालवता ती सारण्यांवर बांधणाऱ्याकडे सोपवावी. विंडोजवरचे जुने आउटलुक ईमेल रेखाटण्यासाठी वर्डचेच यंत्र वापरते आणि त्याला ग्रिड समजत नाही.

आणि एका दुरुस्तीसाठी तिसऱ्यांदा ‘इम्पॉर्टंट’ (नियम जबरदस्तीने वरचढ करणारी खूण) लिहायची वेळ आली, तर हात आखडता घ्यावा, आतापर्यंतचे बदल मागे घ्यावेत आणि पहिल्या तपासणीत कागदावर लिहिलेले रकान्यांचे आकडे विकासकाला पाठवून द्यावेत. त्या आकड्यांमुळे त्याचा निम्मा वेळ वाचतो.